‘जर्नल ऑफ आर्ट्स अँड आयडियाज’चा मोफत डिजिटल संग्रह : काय मिळतं, कुठे अडतं

चित्र, नाटक, सिनेमा यांच्याकडे राष्ट्र, वर्ग, बाजार, वसाहतवाद या अंगांनी बघायला भारतात ज्या मोजक्या नियतकालिकांनी शिकवलं, त्यांत ‘जर्नल ऑफ आर्ट्स अँड आयडियाज’ या इंग्रजी नियतकालिकाचं नाव अगदी वर घ्यावं लागतं. १९८२ ते १९९९ एवढंच त्याचं आयुष्य. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार आणि चीनचे अभ्यासक गो. पु. देशपांडे त्याचे संपादक होते, कलासमीक्षक गीता कपूर संस्थापक-संपादकांपैकी एक. छापील अंक आता सहजी हाती लागत नाहीत. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीने मात्र ते स्कॅन करून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. पैसे नाहीत, नोंदणी नाही, विद्यापीठाचं ओळखपत्र नाही. रत्नागिरी किंवा लातूरच्या विद्यार्थ्याला शिकागोतल्या प्राध्यापकाइतकंच मिळतं, ही या सेवेची सगळ्यात मोठी गोष्ट.

अंकांची मांडणी आधी समजून घ्यावी, कारण निम्मा वेळ इथेच वाया जातो. या नियतकालिकाचे संदर्भ अंक-क्रमांकाने दिले जातात आणि क्रमांक १ ते ३३ सलग चालतात. त्यांतले बरेच जोडअंक आहेत : १४-१५, १७-१८, २०-२१, २७-२८, ३२-३३. एखाद्या संदर्भसूचीत नुसता ‘अंक १५’ दिसला आणि संकेतस्थळावर तो वेगळा सापडला नाही, तर अंक गहाळ नसतो, १४-१५ मध्ये असतो. म्हणून शोधखिडकीकडे न जाता आधी अंकांच्या यादीतून अनुक्रमणिका उघडावी. अनुक्रमणिका नीट वाचली की कोणत्या वर्षी कोणता वाद पेटला होता हेही कळतं, आणि ते शोधखिडकी कधीच सांगत नाही.

मराठी वाचकाने सुरुवात करावी ती जुलै-डिसेंबर १९८७ च्या १४-१५ या जोडअंकापासून. पान ४७ ते ७८ वर चित्रपट-अभ्यासक आशिष राजाध्यक्ष यांचा फाळके-युगावरचा निबंध आहे. पारंपरिक रूपबंध आणि नवं यंत्रतंत्र यांच्यातला झगडा ते फाळक्यांच्या चित्रपटांत शोधतात. रविवर्म्याची छापील चित्रं, स्वदेशी आणि कॅमेरा यांना एका धाग्यात आणणारं इतकं सकस लेखन त्या काळात क्वचितच दिसतं. त्याला लागूनच, पान ७९ ते १०८ वर, भारतीय सिनेमातल्या मिथक-सामग्रीवरचा गीता कपूर यांचा निबंध. त्यात प्रभातच्या ‘संत तुकाराम’चं (१९३६) विवेचन आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पडद्यावर कसा उभा राहतो याचा विचार इथे कलासमीक्षकाच्या नजरेने केलेला आहे. फक्त चित्रपटाचा इतिहास वाचलेल्यांना तो नवाच वाटेल.

याच निबंधावरून एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुढे हे लेखन पुस्तकांत गेलं तेव्हा त्याची मांडणी आणि शीर्षक दोन्ही बदललं. २००० साली तूलिका या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या लेखिकेच्या संग्रहात ते ‘संत तुकाराम’ आणि ‘देवी’ या दोन चित्रपटांच्या नावाने येतं. पुस्तकातलं शीर्षक घेऊन इथे शोधलं तर हाती काही लागत नाही आणि ‘संग्रहात हा लेख नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. फाळक्यांवरचा निबंधही १९९३ मध्ये सीगल या प्रकाशनसंस्थेच्या एका संकलनात पुन्हा छापला गेला. तेव्हा लेखकाचं नाव आणि साल यांवरून शोधावं, शीर्षकावरून नाही. संदर्भ देताना जी आवृत्ती प्रत्यक्ष वाचली तीच नोंदवावी. १९८७ चं वाक्य २००० च्या पुस्तकाच्या पानावर टाकणं ही प्रबंधांत वारंवार दिसणारी चूक आहे, आणि परीक्षक ती पकडतात.

आता त्रास कुठे होतो ते. लेख पान-पान उघडतो. फाळक्यांवरचा निबंध म्हणजे बत्तीस पानं, म्हणजे बत्तीस वेळा ‘पुढे’. मोबाइलवर हे कंटाळवाणं होतं. लॅपटॉप आणि स्थिर जोडणी असेल तरच बसावं. पानं साठवायची असतील तर प्रत्येक फाइलला लगेच नाव द्यावं, ‘१४-१५_०४७’ अशा धर्तीवर, आणि सगळी झाली की एकच पीडीएफ करावी. नाव न देता वीस चित्रं डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडली की क्रम लावताना जीव जातो. वेबपत्त्यातला आकडा हा स्कॅनचा असतो, तळटीपेत मात्र पानावर छापलेलाच क्रमांक घालावा.

शोध चालतो तो यंत्राने वाचलेल्या मजकुरावर. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द किंवा पुसट अक्षर असेल तर तो सापडत नाही. शिवाय सगळा मजकूर इंग्रजी आणि त्या काळचा : मुंबईसाठी ‘बॉम्बे’, पुण्यासाठी ‘पूना’, वडोदऱ्यासाठी ‘बरोडा’ अशीच स्पेलिंगं द्यावी लागतात. आडनावांची दोन-तीन स्पेलिंगं करून बघावीत. नुसतं आडनाव दिलं तर जास्त मिळतं.

चित्रांच्या बाबतीत मात्र हा संग्रह उणा पडतो. स्कॅन मजकूर वाचण्यापुरतेच आहेत, छायाचित्रांतले मधले करडे रंग टिकत नाहीत. गीता कपूर यांचा रविवर्म्यावरचा निबंध (अंक १७-१८, जून १९८९) वाचताना त्या ज्या चित्राबद्दल बोलतात ते दुसऱ्या खिडकीत चांगल्या प्रतीतून उघडून ठेवावं, नाहीतर युक्तिवादाचा अर्धा जोर हरवतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कलेसाठी एशिया आर्ट आर्काइव्ह या हाँगकाँगच्या संस्थेचं संकेतस्थळ जोडीला घ्यावं. गीता कपूर आणि चित्रकार विवान सुंदरम यांचा खासगी संग्रह त्यांनी डिजिटल केला आहे, बडोद्याच्या कलावंतांचा आणि शिक्षकांचाही. तिथली काही कागदपत्रं फक्त जागेवर जाऊन बघता येतात, आणि प्रकाशनात चित्र वापरायचं तर हक्कधारकाची परवानगी वेगळी घ्यावीच लागते.

समाजशास्त्रांच्या बाजूने पूरक म्हणून ‘सोशल सायंटिस्ट’चे जुने अंक शिकागोच्या याच डिजिटल ग्रंथालयात आहेत. मुंबईतून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’साठी जेस्टोर हा नियतकालिकांचा ऑनलाइन संग्रह बघावा. वैयक्तिक मोफत खात्यावर ३० दिवसांत १०० लेख पडद्यावर वाचता येतात. महाविद्यालयाची वर्गणी नसलेल्यांना हा मार्ग कोणी सांगतच नाही, याचं वाईट वाटतं. दर महिन्याला वाचायच्या लेखांची यादी आधी करून ठेवली तर एवढा वाटा एम. ए.च्या प्रबंधाला पुरतो.

मराठी लेखन शोधणाऱ्याने या नियतकालिकाकडून ती अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी एशिया आर्ट आर्काइव्हनेच केलेली दक्षिण आशियातल्या आधुनिक आणि समकालीन कलालेखनाची सूची आहे. तेरा भाषांतल्या नोंदी, त्यांत मराठीही. ती सूची आहे, मजकूर नव्हे. नोंद मिळाली की नियतकालिकाचं नाव, महिना आणि पान लिहून घ्यायचं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या वाचनालयाची वाट धरायची. ग्रंथपालाला नुसतं ‘कलेवरचं काहीतरी’ म्हणू नये. साल आणि अंक सांगितला तर बांधीव खंड लवकर बाहेर येतो.