फुकटची लढाई की विकतची?

फोनवर रिअल-टाइम स्ट्रॅटेजी (पाळी नाही, सगळ्यांनी एकाच वेळी फौज चालवायची असे लढाईचे गेम) खेळायची तर सध्या दोन वाटा दिसतात. एक क्लॅश रॉयलने २०१६पासून रुळवलेली: गेम फुकट, मॅच काही मिनिटांची आणि प्रत्येक कार्डाला किंवा युनिटला (सैनिक, रणगाडा वगैरे) स्वतःची लेव्हल, म्हणजे वाढवत नेता येणारी ताकद. दुसरी रस्टेड वॉरफेअरची: एकदाच पैसे मोजायचे, आत जाहिरात नाही की दुकान नाही.

दिसण्याच्या बाबतीत फुकटवाले सरस आहेत, त्यात वाद नको. बोट ठेवलं की युनिट हवं तिथे जातं आणि समोर कुणीतरी लगेच मिळतं. रस्टेड वॉरफेअरची चित्रं बघून लहान भावंडं हसतात, आणि पुरेसे खेळाडू जमून गेम सुरू होईपर्यंत कधीकधी ताटकळावं लागतं.

मग माझं कुठे बिनसलं? पहिल्या जातीतला एक गेम (नाव घेत नाही, तसे पुष्कळ आहेत) मी मन लावून खेळत होतो. रँकच्या मॅचमध्ये माझा आणि समोरच्याचा, एकाच जातीचे रणगाडे आमनेसामने आले. गोळी माझ्याने आधी झाडली, तरी माझाच फुटला. समोरच्या रणगाड्यावरची, उरलेला जीव दाखवणारी पट्टी लाल होऊन नखाएवढी उरली होती आणि बाजूला लेव्हलचा आकडा माझ्यापेक्षा दोनने मोठा. मॅच संपते न संपते तोच त्याच रणगाड्याच्या अपग्रेडची ऑफर समोर, खाली उलटं धावणारं घड्याळ.

पैशांचं मला तितकं वाटलं नाही. गेम बनवणाऱ्यांनाही पोट आहे. खुपलं ते वेगळंच. हरल्यावर आपण कुठे चुकलो तेच कळेना. डाव चुकला की लेव्हल कमी पडली? हे उमगत नसेल तर खेळ सुधारणार कसा? ‘पैसे न टाकताही वर जाता येतं’ असं बरेच जण सांगतात, आणि ते खोटं नाही, चिकाटी हवी. पण क्लॅश रॉयलच्या टूर्नामेंटमध्येही कार्डांच्या लेव्हलला मर्यादा असते, यातच काय ते आलं. नवं युनिट आधी तगडं आणतात आणि विक्री झाली की त्याची ताकद कमी करतात, हा आरोपही कायम ऐकू येतो. तो मला सरसकट पटत नाही, सगळ्या युनिटांच्या ताकदीचा बॅलन्स साधणं खरंच अवघड असतं.

रस्टेड वॉरफेअरमध्ये हरलो तर सरळ कळतं: एक्स्ट्रॅक्टर (गेममधली कमाई आणून देणाऱ्या इमारती) उशिरा बांधले, विमानविरोधी तोफा विसरलो. सामना लांबतो खरा, पण मल्टिप्लेअरचा डावसुद्धा सेव्ह करता येतो. पीसीवरच्या मित्राशी फोनवरून खेळता येतं, तेव्हा मात्र त्याच्या माऊसपुढे आपली बोटं थोडी कमी पडतात.

प्रवासात दोन-तीन मिनिटंच मिळत असतील तर फुकटवालाच घ्या, फक्त रँक फार मनाला लावून घेऊ नका. तासभर निवांत बसणं जमत असेल तर मी विकतचाच सुचवीन, आणि जमलं तर टॅब्लेटवर. फोनच्या पडद्यावर मोठी फौज नेमकी निवडताना बोटाखाली निम्मी झाकली जाते.