भिंत ठरवून द्यावी की तिचा हिशोब मांडावा? श्वासमार्गाच्या दोन प्रतिमानांचा आढावा

श्वासावाटे आत गेलेला कण कुठे साचेल याचे गणित करू पाहणाऱ्याने भूमितीचा निर्णय बहुधा आधीच घेतलेला असतो. फुप्फुसाच्या रचनेचे अभ्यासक एवाल्ड वाइबेल यांनी १९६३ साली मांडलेली, श्वासमार्ग पुन्हा पुन्हा दुभंगत २३ पिढ्यांपर्यंत जाणारी शाखारचना वापरायची की स्कॅनवरून गणनासाठी त्रिमितीय जाळी बांधायची, हा वाद म्हणून मी इथे काढत नाही. त्यानंतर उरणारा आणि पुष्कळदा घाईत उरकला जाणारा प्रश्न श्वासमार्गाच्या भिंतीचा असतो. एका पद्धतीत तिच्या श्लेष्मल (श्लेष्मा म्हणजे चिकट द्रवाने ओल्या) पृष्ठभागाचे तापमान आणि आर्द्रता आधीच ठरवून दिलेली असते, साधारणतः ३७ अंश सेल्सिअस आणि ९९.५ टक्के. दुसरीत श्लेष्मा, त्याखालच्या ऊती आणि त्यांना ऊब पुरवणारे रक्त यांचे थर मांडले जातात व पृष्ठभागाचे तापमान क्षणोक्षणी उष्णतेच्या हिशोबातून निघते.

पहिल्या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. ती लवकर सुटते, गणन सहसा अडत नाही आणि दुसऱ्या कोणाला निकाल पडताळून पाहायचा असेल तर दोन आकडे कळवले की काम भागते. कण पाणी शोषणारा नसेल, तर तिच्यापुढे जाण्याचे फारसे कारण मला दिसत नाही. खालच्या, बारीक शाखांपुरता अभ्यास असेल तरी तेच म्हणावे लागेल, कारण नाकाने शांतपणे श्वास घेताना हवा श्वासनलिकेच्या दुभंगाच्या थोडे खाली पोचेपर्यंत शरीराच्या तापमानाला येऊन संपृक्त, म्हणजे बाष्पाने पूर्ण भरलेली, झालेली असते.

अडचण त्याच्या वर आहे, आणि पाणी शोषणाऱ्या कणांच्या बाबतीत पुष्कळ काही तिथेच ठरते. २० अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा ३७ अंशांवर संपृक्त करायची तर प्रत्येक लिटरमागे सुमारे ३५ मिलिग्रॅम पाणी भिंतीने द्यावे लागते. त्याच्या बाष्पीभवनाला ८५ ज्यूलच्या आसपास उष्णता लागते, तर नुसती हवा तापवायला जेमतेम २०. एवढी उष्णता दिल्यावर नाकाचा पृष्ठभाग ३७ अंशांवर राहणे शक्य नाही; तो कित्येक अंशांनी उतरतो आणि उच्छ्वासाच्या वेळी परतणारी उबदार हवा त्याच थंड भिंतीवर थोडे पाणी सोडून जाते. तापमान ठरवून दिलेल्या भिंतीला यातले काहीच जाणवत नाही. ती हवी तितकी उष्णता देत राहते आणि आधीच्या श्वासाची खूण तिच्यावर उरत नाही.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे नाकाला ३२, घशाला ३४, श्वासनलिकेला ३६ असे आकडे हाताने भरणे. याच गोष्टीने मला सर्वांत जास्त सतावले. ३७ अंशांना संपृक्त हवेत लिटरमागे सुमारे ४४ मिलिग्रॅम बाष्प असते, ३२ अंशांना सुमारे ३४. म्हणजे पाच अंशांच्या निवडीत जवळजवळ पाव बाष्प इकडचे तिकडे होते. कोरडा मिठाचा कण ७५ टक्के आर्द्रतेच्या सुमारास विरघळतो आणि ९९.५ टक्क्यांशी समतोल साधला तर त्याचा व्यास सुमारे सहापट होतो. ही वाढ कोणत्या वळणाच्या आधी होते, यावर तो त्या वळणावर आदळेल की पुढे निघून जाईल हे अवलंबून असते. हवेत बाष्पाचे विसरण (पसरणे) उष्णतेपेक्षा किंचित वेगाने होत असल्यामुळे थंड, दमट हवा उबदार भिंतीलगत आली की आर्द्रता काही ठिकाणी १०० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते, आणि भिंत जितकी उबदार धरावी तितका हा परिणाम वाढतो. मी आकडे दोन अंशांनी सरकवले की कण साचण्याची जागा सरके, आणि हा निकाल शरीराचा की माझ्या आकड्याचा, हे मला स्वतःलाच सांगता येत नसे.

थरांच्या प्रतिमानातही आकडे लागतातच, हे मान्य केले पाहिजे. श्लेष्माची जाडी, ऊतींची उष्णतावाहकता, रक्ताचा पुरवठा यांपैकी शेवटचा तर व्यक्तीगणिक आणि नाकाच्या दोन बाजूंतही बदलतो. शिवाय निकाल आवर्ती, म्हणजे प्रत्येक श्वासाला सारखाच, होईपर्यंत अनेक श्वास चालवावे लागतात, आणि जाळी भिंतीलगत बारीक नसेल तर उष्णतेचा हिशोब जुळत नाही. तरीही मला ते सोसवते, कारण इथे मी कारण भरतो आणि तापमान उत्तर म्हणून मिळते. उच्छ्वासाच्या हवेचे तापमान नाकपुडीशी मोजता येत असल्याने ते उत्तर तपासताही येते. पहिल्या पद्धतीत तपासायचे तेच आधी भरलेले असते. माझा अनुभव मुख्यतः मिठासारख्या कणांपुरता आहे, त्यामुळे इतरांचा कौल वेगळा पडू शकेल.

अजून निर्णय झाला नसेल तर आधी ठरावीक भिंतीचे प्रतिमानच चालवावे, वरच्या श्वासमार्गातील तापमान दोन अंश वर आणि दोन अंश खाली करून पाहावे आणि आपल्या कणांच्या साचण्यात पडणारा फरक तपासावा. तो नगण्य असेल तर थरांच्या भानगडीत पडू नये. लक्षणीय असेल, तर त्या आकड्यांची छाननी करण्यात जाणारा वेळ थर मांडण्यात घालवलेला बरा.