नाव १०५० टीआयचं, चिप २०१० ची

दोन ग्राफिक्स कार्डांची स्पेसिफिकेशन शेजारी शेजारी मांडून मी चार दिवस अभ्यास केला आणि तरीही फसलो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. वापरलेलं कार्ड घ्यायचं मनात असेल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा.

कार्ड भाच्यासाठी हवं होतं. तो थ्रीडी मॉडेलिंग शिकतोय. कॉम्प्युटर जुना, पॉवर सप्लायही साधाच, त्यामुळे ७५ वॅटच्या वर जायचं नाही हे ठरलेलं होतं. शेवटी एनव्हिडियाची जीटीएक्स १०५० आणि जीटीएक्स १०५० टीआय ही दोन उरली. दोन्ही २०१६ च्या ऑक्टोबरमधली. दोन्हींची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांमधला रस्ता) १२८ बिटची आणि बँडविड्थ, म्हणजे त्यातून जाणारा डेटा, सेकंदाला ११२ जीबी. फरक पुढे सुरू होतो. साध्या १०५० मध्ये ६४० कूडा कोर (हिशेब करणारे छोटे भाग) आणि २ जीबी मेमरी, टीआयमध्ये ७६८ कोर आणि ४ जीबी. बेस क्लॉक, म्हणजे चिपचा मूळ वेग, मात्र साध्याचाच जास्त, १३५४ मेगाहर्ट्झ, टीआयचा १२९०. पण मोठी टेक्श्चर (मॉडेलवर चढवायची चित्रं) उघडायची तर मेमरी हवी, म्हणून टीआय घ्यायचं ठरवलं. हा निष्कर्ष आजही बरोबरच वाटतो. चूक वेगळीच झाली.

ऑनलाइन एकाकडे ४ जीबीचं टीआय जवळपास साध्या १०५० च्या भावात मिळत होतं. "सर, कार्ड एकदम मेंटेन आहे, चारच महिने वापरलंय," असं त्याने लिहिलं आणि जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यात नाव, ७६८ शेडर (म्हणजे तेच कोर), ४ जीबी, सगळं जागच्या जागी होतं. फक्त खिडकीची वरची पट्टी कापलेली होती. त्या पट्टीवर सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहिलेली असते.

कार्ड आलं. त्यावर जादा वीज घ्यायचं सहा पिनांचं पॉवर कनेक्टर होतं. विचारलं तर म्हणाला, ओव्हरक्लॉक, म्हणजे वेग वाढवलेलं मॉडेल आहे. काही खऱ्या टीआयवर ते असतंही, म्हणून विश्वास बसला. मागे निळं व्हीजीए पोर्ट पाहून तर मला आनंदच झाला, कारण भाच्याचा मॉनिटर जुना आहे. तिथेच थांबायला हवं होतं. टीआय ज्या पास्कल पिढीतलं आहे, त्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेर पडतच नाही. कार्डाच्या वरच्या कडेला एसएलआयचे (दोन कार्डं एकत्र जोडायच्या सोयीचे) सोनेरी दातही होते, आणि १०५० टीआयला एसएलआयची सोयच नाही.

विंडोजमध्ये नाव अगदी बरोबर दिसत होतं. छोट्या फाइल्स चालायच्या. मोठा सीन उघडला की स्क्रीन गोठायची, मग काळी व्हायची, दर वेळी साधारण त्याच टप्प्यावर. भाचा तीन आठवडे टेक्श्चर लहान करत बसला. एकदा हळूच म्हणाला, "मामा, माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक." पैशांपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. शिकणाऱ्या मुलाला वाटत राहिलं की दोष आपल्यातच आहे. तोवर वेबसाइटवर तक्रार करायची मुदतही संपली होती.

मग मी जीपीयू-झेडची ताजी आवृत्ती टाकली. कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात 'फेक' असं आलं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या २.१२.० आवृत्तीपासून बनावट एनव्हिडिया कार्ड ओळखायची सोय तिच्यात आहे. ती पट्टी का कापली होती, ते तेव्हा कळलं.

तरी खात्री करायची म्हणून मागचे चार स्क्रू काढून हीटसिंक उचलला. वाळून खडखडीत झालेली पेस्ट स्पिरिटने पुसली. चिपवर अक्षरं उमटली: जीएफ१०६. खाली तारखेचा कोड, १० ने सुरू होणारा, म्हणजे २०१० सालची चिप. जीटीएस ४५० नावाच्या कार्डात हीच चिप असायची. जे कार्ड २०१६ मध्ये बाजारात आलं, त्याच्या नावाखाली सहा वर्षं आधीची चिप मला विकली होती.

आता खरी तुलना बघा. जीटीएस ४५० मध्ये १९२ कोर, बँडविड्थ सेकंदाला सुमारे ५७.७ जीबी, वीज १०६ वॅट, आणि मेमरी साधारण १ जीबी. दोन पिढ्यांचे कोर एकास एक मोजता येत नाहीत, म्हणून कोर, क्लॉक आणि दोन यांचा गुणाकार करून पाहिला. जुन्याचे सुमारे ६०० गिगाफ्लॉप्स (सेकंदाला किती अब्ज गणितं, ते), खऱ्या टीआयचे बूस्ट क्लॉकला, म्हणजे वाढलेल्या वेगाला, २१०० च्या वर. म्हणजे साडेतीन पट फरक. वल्कन ही नवी ग्राफिक्स प्रणाली तर जुन्या चिपला चालतच नाही.

हे करतात कसं, तर कार्डाचं बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून. त्यात ओळख क्रमांक टीआयचा आणि मेमरी ४ जीबी असं लिहून ठेवतात. विंडोज तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेडसुद्धा निर्मितीची तारीख, चिपचा आकार यांसारखी माहिती ओळख क्रमांकावरून स्वतःच्या यादीतून उचलतं. म्हणजे स्क्रीनशॉटमधले बरेच आकडे कार्डाने दिलेलेच नसतात. प्रत्यक्षातली १ जीबी मेमरी भरली की सगळं कोसळतं, आणि भाच्याचे सीन तिथेच अडकत होते.

त्यामुळे स्क्रीनशॉट मागू नका, व्हिडिओ मागा. त्यात कार्डाच्या चारही कडा दिसू द्या, जीपीयू-झेडची पूर्ण खिडकी आवृत्तीसकट दिसू द्या, आणि त्याच सलग व्हिडिओत १५ मिनिटं एखादा जड बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालू द्या, १ जीबीच्या पुष्कळ वर मेमरी खाणारा. मिळालेला स्कोअर खऱ्या कार्डाच्या स्कोअरशी ताडून पाहा. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर सोडून द्या.

बनावट नसलेल्या कार्डांतही नुसत्या नावावर जाऊ नका. जीटी १०३० मध्ये मेमरी जीडीडीआर५ प्रकारची असेल तर बँडविड्थ ४८ जीबी, डीडीआर४ असेल तर १६.८, आणि नाव एकच. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबी प्रकारांत फक्त मेमरीच वेगळी नाही, कोरही वेगळे: ११५२ आणि १२८०. एएमडीच्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर असतात, पण २०४८ वाला प्रकारही त्याच नावाने विकला जातो.

विकणाऱ्याचं खातं आता बंद आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाने एक जाहिरात दिसली, १०५० टीआय, ४ जीबी, 'चारच महिने वापरलेलं'. फोटो मोठा करून पाहिला. एसएलआयच्या दातांजवळ तिरका ओरखडा होता. तो ओरखडा असलेलं कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. जाहिरातीची तक्रार केली आहे, सोबत उघड्या चिपचा फोटो जोडून.