मदत म्हणून मिळालेले कर्ज : टाळेबंदीतील सरकारी अर्थसाह्याविषयी पंचवटीतून एक अभिप्राय

धंद्यांना सरकारी हमीवर नवे कर्ज देणारी केंद्र सरकारची आपत्कालीन पतहमी योजना, जिला बँकेतले लोक नुसते ‘ईसीएलजीएस’ म्हणतात, ती कर्ज म्हणून चांगलीच होती; मात्र सरकारच्याच आदेशाने कुलूप लागलेल्या धंद्याला जो आधार हवा होता, तो तिच्यातून मिळाला नाही. पंचवटीत आमचे लहानसे लॉज आणि त्याला लागून खानावळ आहे. या योजनेतले पहिले कर्ज आम्ही फेडले आहे आणि दुसऱ्याचे हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे हा अभिप्राय ऐकीव माहितीवरचा नाही. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर कर्जाच्या आखणीला मी चार देईन आणि मदत म्हणून दीड.

आमचा धंदा कशावर चालतो हे आधी सांगितले पाहिजे, कारण नियमांची खरी अडचण तिथेच आहे. रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी आणि श्राद्धविधीसाठी येणारी कुटुंबे, काळाराम मंदिराच्या दर्शनाला येणारे भाविक आणि त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसारख्या तीन दिवसांच्या विधीसाठी जाताना नाशिकला उतरणारे यजमान, हेच आमचे गिऱ्हाईक. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. ८ जुलै २०२० पासून राज्यात लॉज ३३ टक्के क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली, पण देवळे १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. मधल्या चार महिन्यांत आमचे लॉज सरकारदरबारी ‘चालू’ होते आणि प्रत्यक्षात नोंदवहीची पाने कोरी होती. दार उघडायला परवानगी देणे आणि गिऱ्हाईक येण्याचे कारणच बंद ठेवणे, हा प्रकार कोणत्याही योजनेच्या हिशेबात कधी आला नाही.

सर्वांत आधी आली ती हप्तेस्थगिती. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी तीन महिन्यांची आणि मे महिन्यात आणखी तीन महिन्यांची मुभा दिली, म्हणजे १ मार्च ते ३१ ऑगस्ट असे सहा महिने हप्ता न भरता चालणार होते. व्याज मात्र थांबले नव्हते. १२ लाखांच्या कर्जाला वार्षिक १२ टक्के दर धरला, तर सहा महिन्यांचे चक्रवाढ व्याज ७३,८२४ रुपये होते आणि ते मूळ रकमेवर चढत गेले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर केंद्राने २ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी ‘व्याजावरचे व्याज’ परत केले. वरच्याच उदाहरणात सरळव्याज ७२,००० रुपये होते, म्हणजे खात्यात जमा झाले असते १,८२४ रुपये. वर्तमानपत्रांतले मथळे वाचून अनेकांची समजूत व्याजच माफ झाल्याची झाली होती, ती या रकमेने दूर झाली. संपूर्ण व्याजमाफीची मागणी न्यायालयाने २३ मार्च २०२१ च्या निकालात फेटाळली.

कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागतील तसे पैसे उचलण्याच्या कर्जाच्या, खातेदारांचे तर वेगळेच त्रांगडे झाले. सहा महिन्यांचे साचलेले व्याज स्वतंत्र मुदतकर्जात वळवता येत होते, पण ते ३१ मार्च २०२१ पर्यंत फेडायचे होते. त्या तारखेला नाशिकची काय अवस्था होती ते आठवून पाहावे. दुसरी लाट अंगावर आली होती आणि गर्दी आवरण्यासाठी बाजारपेठेत शिरायलाच तासाला पाच रुपयांची पावती फाडावी लागत होती, तासाहून जास्त रेंगाळल्यास ५०० रुपये दंड होता. दुकानदाराच्या दारात गिऱ्हाईक पोहोचण्याआधीच त्याच्या खिशाला हात घालणारी ही युक्ती कोणाला सुचली असेल ती असो. पुढच्याच आठवड्यात बहुतेक दुकानांना पुन्हा कुलपे लागली.

आता मुख्य योजनेकडे येतो. १३ मे २०२० रोजी अर्थमंत्र्यांनी ३ लाख कोटी रुपयांची पतहमी जाहीर केली आणि त्याच महिन्यात ती अमलात आली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी कर्जाची जी शिल्लक असेल तिच्या २० टक्के इतके नवे कर्ज मिळणार होते, मुदत चार वर्षे, पहिले वर्ष फक्त व्याज आणि मुद्दल नंतर. बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के आणि बिगरबँक वित्तसंस्थांसाठी १४ टक्के होती. कर्जदाराने पैसे बुडवले तर बँकेची पूर्ण भरपाई सरकारी हमीतून होणार होती. प्रक्रिया शुल्क नाही, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, नवे तारण नाही. ज्याने कधी बँकेच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला या ओळीचे मोल कळेल.

आमच्या बाबतीत बँकेकडून मोबाइलवर संदेश आला की आपण या कर्जास पात्र आहात आणि शाखेत येऊन संमती द्यावी. एरवी तीन वर्षांचे ताळेबंद, दोन जामीनदार आणि साहेबांची मर्जी इतके सगळे जुळून आल्याशिवाय जी फाइल हलत नाही, ती इथे आपणहून हलली. शाखेच्या बाहेर खडूने आखलेल्या वर्तुळांत उभे राहून आम्ही आत गेलो, काही सह्या केल्या आणि रक्कम जुन्या खात्यात न मिसळता वेगळ्या खात्यात जमा झाली. एका गोष्टीची नोंद मात्र केली पाहिजे. सह्यांच्या कागदांत विम्याच्या एका पॉलिसीचा अर्जही अलगद ठेवलेला होता आणि ‘सगळेच घेतात’ असे तोंडी सांगण्यात आले. योजनेत अशी अट नव्हती. आम्ही तो कागद बाजूला काढला, कर्ज तरीही मिळाले. ज्यांनी न वाचता सही केली असेल, त्यांच्या ‘बिनशुल्क’ कर्जातून हप्ता गेला असणार.

आमची शिल्लक १२ लाख होती, त्यामुळे २ लाख ४० हजार मिळाले. हे पैसे कशात गेले ते सांगतो. निम्मे पगारात गेले, कारण आचारी आणि दोन पोरे मागे थांबली होती आणि त्यांना जेवणावर ठेवणे बरे दिसेना. महावितरणच्या बिलातला स्थिर आकार टाळेबंदीत पुढे ढकलला होता, माफ झाला नव्हता, तो पुढे भरावा लागलाच. उरलेले खोल्यांनी खाल्ले. पावसाळाभर बंद राहिलेल्या खोल्यांत गाद्यांना बुरशी आली होती, नळांच्या चकत्या आखडून गेल्या होत्या आणि तळमजल्यावरच्या कपाटांच्या फळ्या फुगून दारे लागेनाशी झाली होती. बंद धंद्याचा खर्च बंद राहत नाही, हे ज्यांनी योजना आखली त्यांना नक्कीच ठाऊक होते. म्हणून तर पहिल्या वर्षी मुद्दल मागितले नाही. दर महिन्याला १,८५० रुपयांच्या आत व्याज भरून वर्ष निभावले. ही सोय खरोखरच उपयोगाची होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे.

पण वर्ष संपले कधी? मुद्दलाचा पहिला हप्ता, महिना ६,६६७ रुपयांचा, २०२१ च्या ऑगस्टमध्ये आला. दुसऱ्या लाटेत बंद झालेली देवळे तेव्हा बंदच होती. ती उघडली ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. म्हणजे सवलतीचे वर्ष कॅलेंडरावर मोजले गेले, धंदा किती काळ बंद होता यावर नाही.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे आणि त्याचा आमच्या फायद्यातोट्याशी संबंध नाही. मदतीचे माप कर्जाच्या शिल्लकेवर ठरले, नुकसानीवर नाही. ज्याच्या नावावर मोठे कर्ज त्याला मोठी रक्कम, ज्याने काटकसरीने कर्ज आधीच फेडले त्याला थोडी आणि ज्याने आयुष्यात कर्ज काढलेच नाही त्याला काहीच नाही. आमच्याच गल्लीत रोखीवर चालणारे एक भोजनालय होते. मालकांनी कधी उधारी केली नाही, भांडी बाजारातून घेतलेल्या पातेल्यांचे पैसेही जागेवर मोजले. टाळेबंदीत त्यांचे नुकसान आमच्याइतकेच झाले, पण २९ फेब्रुवारीला त्यांची शिल्लक शून्य होती आणि शून्याचे २० टक्के शून्यच. ती जागा आता मोबाइलच्या दुकानाला भाड्याने गेली आहे. दुसरीकडे, ज्यांचा माल टाळेबंदीत उलट जास्त खपला, अशा पुरवठादारांनाही हेच २० टक्के हक्काने मिळत होते, कारण तुमचे दुकान बंद होते का, असा प्रश्न अर्जात कुठेही नव्हता.

पतसंस्थेच्या कर्जदारांची गतही तशीच. आपल्याकडे लहान व्यापाऱ्याचा पहिला आधार राष्ट्रीयीकृत बँक नसते; रोज संध्याकाळी पिग्मी गोळा करायला येणारा एजंट आणि त्याची पतसंस्था असते, नाहीतर भिशी. पतहमी योजना बँका, वित्तीय संस्था आणि बिगरबँक वित्तसंस्था यांच्यापुरती होती. पतसंस्थेचे पुस्तक कितीही स्वच्छ असले तरी त्याचा इथे उपयोग नव्हता.

इतर योजनांबद्दल थोडक्यात. भविष्यनिर्वाह निधीचा मालक व कामगार मिळून २४ टक्के हिस्सा केंद्राने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात भरला, पण १०० पर्यंत कर्मचारी आणि त्यांतल्या ९० टक्क्यांचा पगार १५ हजारांखाली, अशा आस्थापनांसाठी. मुळात तो कायदा २० कामगारांपासून लागू होतो, त्यामुळे आमच्यासारख्या लॉजला ही योजना असून नसल्यासारखी. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या लहान कारखान्यांना तिचा लाभ घेता आला. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, बांधकाम कामगार आणि घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. हे अनुदान होते, परत करायचे नव्हते, हे त्याचे मोठेपण. पण भाड्याची रिक्षा चालवणाऱ्याच्या नावावर परवाना नसतो आणि हॉटेलातला वेटर तर कोणत्याच यादीत नव्हता. दुकानदार आणि खानावळवाले यांना त्या पॅकेजमध्ये स्थान नव्हते.

पीएम स्वनिधी ही मला या सगळ्यांत अधिक विचारपूर्वक आखलेली वाटते. १ जून २०२० पासून फेरीवाल्यांना १० हजारांचे विनातारण कर्ज, वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज-अनुदान, पुढच्या टप्प्यांत २० हजार आणि ५० हजार, असे तिचे तेव्हाचे स्वरूप होते. आधीचे कर्ज असण्याची अट नाही, महापालिकेचे प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र पुरे. गोदाघाटावर फुले, पूजेचे साहित्य आणि पितळी गडू विकणाऱ्यांकडे आज जे क्यूआर कोडचे फलक दिसतात, त्यांना या योजनेने चालना दिली, कारण डिजिटल व्यवहारांवर महिन्याला १०० रुपयांपर्यंत परतावा होता. रक्कम लहान, पण माप योग्य माणसाला लावलेले. दुकान भाड्याने घेऊन बसलेला माणूस मात्र फेरीवाला नाही आणि कर्जदारही नाही. तो दोन्ही योजनांच्या मधल्या फटीत राहिला.

हॉटेल, पर्यटन आणि प्रवास या धंद्यांचे नुकसान वेगळे आहे हे केंद्राने मान्य केले ते ३१ मार्च २०२१ रोजी, योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात. मर्यादा आधीचे २० धरून ४० टक्के, मुदत सहा वर्षे आणि पहिली दोन वर्षे मुद्दल नाही. आम्ही आणखी २ लाख ४० हजार घेतले आणि ४८ महिने पाच-पाच हजार मुद्दल असा हप्ता बसला. हीच अट पहिल्या टप्प्यात असती, तर २०२३-२४ मध्ये दोन्ही कर्जांचे हप्ते एकाच वेळी भरताना जी ओढाताण झाली ती झाली नसती. लॉज आणि मंदिरांवर चालणारे धंदे सर्वांत आधी बंद होणार आणि सर्वांत शेवटी उघडणार, हे समजायला वर्ष लागण्याचे कारण नव्हते. ब्रिटनमध्ये २०२० च्या वसंतातच दुकाने, हॉटेले आणि करमणुकीच्या धंद्यांना त्यांच्या जागेच्या करमूल्यानुसार १० हजार किंवा २५ हजार पौंडांचे अनुदान मिळाले होते. आपल्या तिजोरीकडून तेवढी अपेक्षा नाही, पण जागेचे क्षेत्रफळ, वीजबिल किंवा जीएसटीतली घट यांपैकी एखादे माप आपल्याकडेही लावता आले असते. ही सगळी माहिती सरकारजवळ होती.

पतहमी योजना ३१ मार्च २०२३ रोजी बंद झाली. २०२७ च्या सिंहस्थासाठी खोल्या वाढवायला किंवा स्वयंपाकघर नवे करायला जे आता बँकेत जाणार आहेत, त्यांनी आधी आपला पतअहवाल, म्हणजे आपल्या सगळ्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, काढून पाहावा. पतहमीचे कर्ज वेगळ्या खात्यावर होते, त्यामुळे ते फेडल्यावरही त्या खात्याची नोंद स्वतंत्रपणे बंद व्हावी लागते. आमचे खाते शून्यावर आले तरी अहवालात बराच काळ चालू दिसत होते आणि शाखेकडून येणेबाकी नसल्याचा दाखला लेखी घेऊन तक्रार केल्यावरच ते दुरुस्त झाले. मोठ्या कर्जात मूळ तारणावर या कर्जाचा दुसरा बोजाही चढवलेला असू शकतो. तो उतरवल्याचे पत्रही त्याच वेळी मागून घ्यावे.