आयसोमेट्रिक की वेट्स, ताकद आणि मसल कशाने वाढते?

आयसोमेट्रिक म्हणजे सांधा हलवायचा नाही, नुसता जोर लावून धरायचं, प्लँक किंवा भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं वगैरे. आणि याने ताकद खरंच वाढते बरं का! १९५३ साली जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर या संशोधकांनी रोज ६ सेकंदांच्या जोरानेही ताकद वाढते असं मांडलं होतं, त्यांनी सांगितला तेवढा वेग नंतरच्या अभ्यासांत दिसला नाही पण मूळ मुद्दा टिकला.

अडचण अशी की ज्या अँगलला धरता, ताकद मुख्यतः त्याच्या आसपासच वाढते. म्हणजे गुडघा ९० अंशात वाकवून महिनाभर बसलात तरी पूर्ण खाली बसून उठताना तेवढा फायदा मिळेलच असं नाही, त्यामुळे दोन-तीन अँगल बदलून करा आणि मसल ताणलेली असताना धरलं तर साइजसाठी जास्त चांगलं.

वेट्समध्ये हा प्रश्न बराच कमी होतो, पूर्ण रेंजमध्ये काम होतं, शिवाय आज १० किलो, काही आठवड्यांनी १२ असं वजन वाढवता येतं आणि प्रगती डोळ्यांना दिसते. भिंत ढकलताना किती जोर लावला ते कसं मोजणार? म्हणून मसल वाढवायची असेल तर माझं मत सरळ वेट्सच.

पण सांधा दुखतोय, हलवलं की कळ येते, तेव्हा आयसोमेट्रिक फार कामाचं. फक्त श्वास रोखू नका, बीपी पटकन चढतं, आधीच बीपी असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.