सेकंड पीयूच्या वर्षीच नीट, की एक वर्ष 'लाँग टर्म'? बेळगावकडच्या मराठी मुलांसाठी

दर जूनमध्ये नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की त्या आठवड्यात माझ्याकडे पालक येतात. कुणी येळ्ळूरहून, कुणी खानापूरच्या पलीकडून, शेतातली कामं तशीच टाकून. प्रश्न ठरलेला असतो: "सर, एक वर्ष थांबवूया काय, की मिळेल तिथं घालूया?" मी बेळगावात पीयूच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना जीवशास्त्र शिकवतो म्हणून मला विचारतात. दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर मांडतो.

वाटा तीन आहेत. सेकंड पीयूच्या वर्षी परीक्षा देऊन जो रँक येईल त्यावर मिळेल तो प्रवेश घ्यायचा. नाहीतर एक वर्ष पूर्ण थांबून पुन्हा बसायचं, ज्याला आपल्याकडे सगळे 'लाँग टर्म' म्हणतात. तिसरी वाट मधली: बीएस्सीला किंवा आयुर्वेदाच्या बीएएमएसला नाव घालायचं आणि सोबत नीटचा अभ्यास चालू ठेवायचा.

पहिल्या वर्षी परीक्षेला बसायचं की नाही, यावर मात्र चर्चाच नको. बसायचंच. तयारी झाली नाही म्हणून फॉर्मच भरला नाही, असं सांगणारी मुलं भेटतात तेव्हा मला वाईट वाटतं. परीक्षा किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, वयाची वरची अटही 2022 मध्ये निघाली. खाली एवढंच, की प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण हवीत. आणि 180 प्रश्न 180 मिनिटांत सोडवणं म्हणजे काय, हे मे महिन्यातल्या त्या दुपारी दोन ते पाच खुर्चीवर बसल्याशिवाय कळत नाही. घरी सोडवलेल्या पेपरला तो घाम नसतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. आलेल्या निकालाचा अर्थ काय लावायचा?

इथं बहुतेक घरं चुकतात, कारण ती गुण बघतात. शेजारच्या मुलाला अमुक गुणांवर सरकारी कॉलेज मिळालं, मग आपल्याला का नाही? 2024 मध्ये 720 पैकी 720 मिळवणारेही बरेच होते. 2025 चा पेपर, त्यातही भौतिकशास्त्र, इतकं अवघड निघालं की देशात पहिल्या आलेल्याला 686 होते. या दोन वर्षांचे गुण एका तराजूत घालताच येत नाहीत. रँक बघा, आणि आपल्या प्रवर्गात मागच्या वर्षी कुठल्या रँकपर्यंत जागा गेली ते केईएच्या, म्हणजे कर्नाटकच्या परीक्षा प्राधिकरणाच्या, यादीत शोधा. मग विषयवार गुण उघडा. थांबायचं की नाही ते तिथं कळतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. आपल्या भागात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला पीयूची दोन वर्षं मिळतात असं आपण म्हणतो, पण त्याला दोन मिळत नाहीत. पीयूचं सायन्स इंग्रजीतून. माझ्या एका विद्यार्थिनीची फर्स्ट पीयूची वही मी मागून ठेवून घेतली आहे. पेशीच्या धड्यात जवळजवळ प्रत्येक ओळीवर बारीक पेन्सिलनं मराठी लिहिलंय. मायटोकॉन्ड्रियावर 'तंतुकणिका', क्लोरोप्लास्टवर 'हरितलवक', आणि एके ठिकाणी 'देअरफोर' या साध्या शब्दावर 'म्हणून'. दिवाळीपर्यंतची पानं अशीच भरलेली. जानेवारीनंतर पेन्सिल विरळ होत जाते, आणि सेकंड पीयूच्या वहीत ती दिसतच नाही. म्हणजे तिचा विषयाचा अभ्यास सुरू झाला तो जानेवारीत. त्याआधीचे सहा-सात महिने भाषेत गेले. पहिल्या नीटला तिला जीवशास्त्रात चांगले गुण होते, भौतिकशास्त्र मात्र पार कोसळलं होतं. गणितं तिला येत होती. प्रश्नात नेमकं काय विचारलंय ते समजायलाच तिचा वेळ जायचा.

अशा मुलीला मी थांब म्हणतो. तिला दुसरी संधी देतोय असं मला वाटत नाही, तिचं बुडालेलं वर्ष परत देतोय. ती थांबली, दुसऱ्या खेपेला तिचे भौतिकशास्त्राचे गुण दुपटीच्या वर गेले आणि ती आज सरकारी कॉलेजात आहे.

याच्या उलटचं उदाहरणही माझ्यासमोर आहे. पहिलीपासून इंग्रजी माध्यम, दोन्ही वर्षं इंटिग्रेटेड कॉलेज (पीयूसोबतच नीटची तयारी करून घेणारं), शिकवण्या, टेस्ट सिरीज, सगळं झालेलं. वर्षभर थांबून त्याचे वीसेक गुण वाढले. त्याची अडचण अभ्यासाची नव्हतीच. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा होतो हे ठाऊक असूनही तो अंदाजानं गोळे रंगवायचा, आणि मनातून त्याला डॉक्टर व्हायचंही नव्हतं. ते त्यानं घरी सांगितलं ते दुसऱ्या निकालानंतर. पहिल्या निकालानंतर कुणी शांतपणे विचारलं असतं तर त्याचं ते वर्ष वाचलं असतं.

तेव्हा माझा ठोकताळा असा: गुण का कमी आले याचं कारण एका वाक्यात सांगता येत असेल, आणि ते कारण एका वर्षात दूर होणारं असेल, तर लाँग टर्म. "नशीब नव्हतं" हे कारण धरायचं नाही. आजारपण, घरातलं दुःख, भाषेचा अडथळा, भौतिकशास्त्र उशिरा सुरू होणं, ही कारणं धरायची. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर तिसरं वर्ष मी कुणालाच सुचवत नाही.

खर्चाचं म्हणाल तर चांगल्या ठिकाणची लाँग टर्म हॉस्टेलसकट लाख-दीड लाखाच्या घरात सहज जाते. पण सरकारी जागा आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठातली जागा यांच्या फीमधला फरक पाच वर्षांत यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो. त्यामुळे रँक सरकारी जागेच्या अगदी उंबरठ्यावर असेल तर हा खर्च वसूल होतो. रँक त्याच्या आसपासही नसेल तर त्या पैशात दुसऱ्या कोर्सची दोन वर्षं निघतात.

मुलींच्या बाबतीत एक बोलायलाच हवं. मुलगा थांबला तर 'तयारी करतोय' म्हणतात, मुलगी थांबली की 'घरी बसलीय' म्हणतात, आणि मार्गशीर्षापासून स्थळं सांगायला लागतात. मी वडिलांना आधीच सांगतो: थांबवायचं असेल तर त्या वर्षात हा विषय घरात निघणार नाही असं वचन द्या. ते जमत नसेल तर तिला थांबवू नका, मिळेल त्या कॉलेजात पाठवा. निदान ती शिकत राहील.

मधल्या वाटेबद्दल फार लिहीत नाही. बीएस्सी करत नीट देणं शक्य आहे, पण हजेरी, प्रॅक्टिकल, इंटर्नल्स यांत अभ्यास तुटतो. बीएएमएसला प्रवेश घेऊन नीट देणं मला पसंत नाही. बेळगावात कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय 1933 पासून आहे, तिथून निघालेले वैद्य या भागात मानाने काम करतात. तो कोर्स पाच-साडेपाच वर्षांचा आहे, तो मनापासून करायचा असेल तरच घ्या. मध्येच सोडलात तर जागा वाया जाते आणि दंडही भरावा लागू शकतो. किती, ते प्रवेशाच्या आधी लेखी विचारून ठेवा.

आता अर्ज. इथं सीमाभागातल्या मुलाला दोन राज्यांचे नियम समोरासमोर ठेवावे लागतात.

कर्नाटकातल्या सरकारी आणि खासगी कॉलेजांतल्या राज्याच्या जागा केईए भरते. त्यासाठी साधारणपणे कर्नाटकात सात वर्षं शिक्षण आणि दहावी किंवा सेकंड पीयू इथून पास, ही अट. आपलं बेळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज, बिम्स, त्यात येतं. जेएनएमसी हे इथलंच दुसरं मेडिकल कॉलेज मात्र अभिमत विद्यापीठाचं, त्याचा प्रवेश दिल्लीच्या एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून, होतो. बेळगावात आहे म्हणून केईएच्या यादीत ते शोधत बसू नका. दहावीपर्यंत खेड्यात शिकलेल्यांना ग्रामीण कोट्याचा आधार मिळू शकतो. कन्नड माध्यमाचा कोटा आपल्या मुलांना नाही. मराठा समाज इथं राज्याच्या यादीत 3बी या मागास प्रवर्गात आहे, पण केंद्राची ओबीसी यादी वेगळी. नीटच्या फॉर्ममध्ये प्रवर्ग भरताना केंद्राची यादी चालते, हे विसरू नका.

महाराष्ट्राच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही तिथली लागतात, शिवाय रहिवास. म्हणजे दहावी बेळगावात करून अकरावीला लातूरला गेलं तरी तो कोटा मिळत नाही. याला मोठा अपवाद महाराष्ट्र दावा सांगतो त्या 865 गावांतल्या मराठी भाषिक मुलांसाठी ठेवलेल्या सीमाभागाच्या जागांचा. त्या मोजक्या आहेत आणि त्यांना शिक्षण सीमाभागातलं लागतं. म्हणून मुलाला बाहेर पाठवण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. निकालानंतर वाचून उपयोग नाही.

पेपरच्या भाषेचंही असंच. नीट मराठीतून देता येते, पण तो पर्याय महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच. बेळगाव केंद्र घेतलं की मराठी गेली. ज्या मुलाला इंग्रजी प्रश्न अजून अडतो त्यानं, फॉर्ममध्ये मिळत असेल तर, कोल्हापूर केंद्र घ्यावं असं माझं मत आहे, कारण पुस्तिकेत मराठीशेजारी इंग्रजीही छापलेलं असतं. शंका आली तर इंग्रजीच प्रमाण मानतात, म्हणून सराव दोन्हींचा हवा. हा निर्णय फेब्रुवारीत फॉर्म भरतानाच होतो.

लाँग टर्म नक्की झाली असेल तर समुपदेशनाच्या शेवटच्या फेरीत 'बघूया काय मिळतंय' म्हणून पर्याय भरू नका. एमसीसीच्या अखेरच्या स्ट्रे (उरलेल्या जागांच्या) फेरीत जागा मिळून हजर झाला नाहीत तर अनामत जाते आणि पुढच्या वर्षीच्या नीटलाही बसू देत नाहीत. थांबायचं ज्या वर्षासाठी, तेच वर्ष हातचं जातं.

वाट कुठलीही घ्या, कागद सगळ्यांना लागतात. पहिली ते दहावीचा शाळेचा दाखला, त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही, ग्रामीण कोटा असेल तर त्याचं वेगळं प्रमाणपत्र, नाडकचेरीतून (गावाकडच्या महसूल कार्यालयातून) आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, असलेला जात आणि उत्पन्नाचा दाखला. एकाच्या दाखल्यावर आडनाव मराठीत एक आणि कन्नडमध्ये दुसरंच उतरलं होतं, ते दुरुस्त करायला ऐन पडताळणीच्या तोंडावर त्याच्या वडिलांना तालुक्याला चार खेपा घालाव्या लागल्या. मे-जूनमध्ये त्या कार्यालयांत रांगा असतात. सेकंड पीयूच्या दिवाळीच्या सुट्टीत जा, दोन दिवसांत काम होतं.