राजारामपुरीतील संगणक-दुरुस्ती सेवा : जुन्या एक्सपीची तपासणी

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील आमच्या गुळाच्या अडतीवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढणारा संगणक परवापर्यंत विंडोज एक्सपीवर चालत होता, कारण हिशेबाचा प्रोग्रॅम त्याच काळातला आहे आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही अजून कुरकुरत नाही. पाडव्याच्या सौद्यापूर्वी यंत्र एकदा नीट तपासून घ्यावे म्हणून राजारामपुरीतील एका दुरुस्ती-सेवेला बोलावले. माणूस ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा आला, हे आधीच सांगून टाकतो.

त्या यंत्राला इंटरनेट नाही आणि दिवाणजी मर्यादित अधिकारांच्या खात्यावर काम करतात, त्यामुळे धोका नाही, अशी माझी समजूत होती. तंत्रज्ञाने वाद घातला नाही. त्याने दिवाणजींच्याच खात्यावर पेनड्राइव्हमधील एक लहानसा प्रोग्रॅम चालवला, उघड्या खिडक्यांची यादी पडद्यावर आणली, त्यातून संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने चालणाऱ्या बॅकअपची खिडकी निवडली आणि ‘गूळ’ असे टंकले. त्या खिडकीच्या मथळ्यावर लगेच ‘गूळ’ हा शब्द उमटला. पासवर्ड कोणी विचारला नाही. हंगामात यार्डातला कोणीही पेनड्राइव्ह पुढे करून ‘एवढी प्रिंट द्या’ म्हणतो, हे आठवून मी खुर्ची जवळ ओढली.

त्याचे स्पष्टीकरण असे. एक्सपीत कोणताही प्रोग्रॅम त्याच पडद्यावरील दुसऱ्याच्या खिडकीला निरोप धाडू शकतो (कळ दाबली, मजकूर चिकटव, ठरलेली वेळ झाली) आणि निरोप कोणाकडून आला, हे त्यावर लिहिलेले नसते. बिनसहीची चिठ्ठी मालकाची समजून दिवाणजींनी तिजोरी उघडावी, तसाच हा प्रकार. त्यातही ‘वेळ झाली’ या निरोपाबरोबर पुढे कोणती आज्ञावली चालवायची तिचा पत्ता देता येत असे; म्हणून मजकुराच्या चौकटीची लांबीची मर्यादा काढायची, तीत स्वतःची आज्ञावली चिकटवायची आणि मग तिचाच पत्ता धाडायचा, की ती वरच्या अधिकाराने चालली. ही युक्ती ऑगस्ट २००२ मध्ये जाहीर झाली. वरच्या अधिकाराच्या सेवांनी (म्हणजे पडद्याआड आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनी) वापरकर्त्याच्या पडद्यावर खिडकी उघडणेच चूक, अशी मायक्रोसॉफ्टची भूमिका होती. तरीही डिसेंबर २००२ मध्ये विंडोजच्या एनटी ४, ‘२०००’ आणि एक्सपी या आवृत्त्यांसाठी दुरुस्ती आली. तिने ‘वेळ झाली’ची वाट अडवली, पण तशाच पत्ता नेणाऱ्या इतर निरोपांच्या वाटा पुढे सापडल्या. मुळावरचा इलाज एक्सपीनंतरच्या व्हिस्टा या आवृत्तीत झाला : सेवा वापरकर्त्याच्या पडद्यापासून वेगळ्या सत्रात गेल्या आणि खालच्या दर्जाच्या प्रोग्रॅमला वरच्या दर्जाच्या खिडकीला असे निरोप धाडण्यास मनाई झाली.

आवडले ते हे, की नवे यंत्र विकायचे असूनही त्याने त्याची फुशारकी मारली नाही. सोबत आणलेल्या विंडोज ११ च्या संगणकावर तोच प्रयोग करताना साध्या नोटपॅडचा मथळा तिथेही बदलला. प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या खिडकीने मात्र प्रवेश नाकारला आणि त्रुटी क्रमांक ५ दिसला. ‘एकाच पायरीवरचे प्रोग्रॅम अजूनही एकमेकांचे ऐकतात,’ हे त्याने स्वतःहून सांगितले.

तपासणीचे १,८०० रुपये झाले. पावतीवर ‘तपासणी व इतर’ एवढेच लिहिले होते. ‘इतर’ म्हणजे काय, हे दोनदा विचारूनही कळले नाही. लेखी अहवालही मिळाला नाही, तो त्यांनी द्यायला हवा. वरचा तपशील मी रोजकीर्दीच्या मागच्या पानावर स्वतः टिपून घेतला आहे.

हिशेबाचा प्रोग्रॅम थोड्या कटकटीनंतर नव्या यंत्रावर चालू झाला. जुने यंत्र मागची खाती पाहण्यापुरते ठेवले असून त्यावरील बॅकअपच्या सेवेची पडद्यावर खिडकी उघडण्याची परवानगी त्यांनी काढून टाकली, पेनड्राइव्हच्या खाचाही बंद केल्या, आणि या कामाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.